अल्लोन-बाकूथचं पिवळं कार्ड

३ सप्टेंबर

यादी संपत आली. गावं, विहिरी, टेकड्या मिळून चाळीस नावं निकालात निघाली, एक्केचाळिसावं अडून बसलंय. अल्लोन-बाकूथ. महिनाअखेर यादी छापायला जायची आहे, म्हणून आजपासून रोजचं टिपण ठेवायचं ठरवलं. शाळेत तीस वर्षं मुलांना रोजनिशी लिहायला लावली आणि स्वतः एक पान लिहिलं नाही, तेवढं पाप तरी फेडावं.

पुढे मलाच आठवलं नाही तर म्हणून लिहितो. आमची तिघांची समिती पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जुन्या भाषांतराची भाषा आजची करते आहे. अध्यक्ष चर्चचे निवृत्त पाळक आहेत. विशेषण दिसलं की ते कापतात, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना कात्रीसाहेब म्हणतो. हिब्रू जाणणारी एकच, वयाने माझ्या मुलीएवढी. तिला आम्ही पंडिता म्हणतो आणि तिला ते मुळीच आवडत नाही. मी भाषेचा मास्तर, वाक्यं सरळ करायला ठेवलेला.

शास्त्रातल्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात, एकच ओळ आहे. याकोबाची आई रिबेका, तिची दाई दबोरा वारली, तिला बेथेलच्या खालच्या अंगाला एका झाडाखाली पुरलं आणि त्या जागेला अल्लोन-बाकूथ नाव पडलं. पुढच्या ओळीत लगेच देव याकोबाला दर्शन देतो, म्हणजे दाईचा विषय संपला. अल्लोन म्हणजे मोठं झाड, बाकूथ म्हणजे रडणं. नुसता उच्चार ठेवायचा की अर्थ लिहायचा, एवढंच ठरवायचंय.

घरी जिजी परवा पडली. जिजी म्हणजे धाकट्या भावाच्या जन्मानंतर आईने अंथरूण धरलं तेव्हा घरात आलेली बाई. मी तीन वर्षांचा होतो. जिजी हे नाव मीच ठेवलं म्हणतात. पुढे आमची मुलंही तिच्याच हाताखाली वाढली. तिची खोली स्वयंपाकघरामागे, दोन पायऱ्या उतरून. त्याच पायऱ्यांवर पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण आता धरल्याशिवाय उठता येत नाही, आणि आमच्या हिचे गुडघे आधीच कुरकुरताहेत.

धाकट्याचा फोन आला. "दादा, हे आता तुम्हा दोघांच्यानं व्हायचं नाही. मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. स्वच्छ आहे, डॉक्टर आहे. अर्ज पाठवतो, महिनाअखेर त्यांच्याकडे पोचायला हवा." धाकट्याचं काम असंच, फोन ठेवायच्या आत सगळं ठरलेलं.

ही म्हणाली, "त्रास सगळा त्या पायऱ्यांचा आहे. बिनपायऱ्यांची खोली असती तर प्रश्नच नव्हता." मी म्हटलं, खरं आहे. आणि माझ्या खोलीत येऊन कोश उघडले.

५ सप्टेंबर

समितीची बैठक. आमची खोली छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या पेन्सिली चालू लागतात.

कात्रीसाहेबांना 'रुदनवृक्ष' हवं आहे. मी म्हटलं, हे नाव ऐकून कुणालाही रडू येणार नाही, फार तर परीक्षेत दोन गुण मिळतील. मला साधं 'रडण्याचं झाड' हवं. पंडिता म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत. पण माझा प्रश्न वेगळाच आहे. रिबेका कधी वारली हे शास्त्रात सांगितलेलंच नाही. तिला कुठे पुरलं, एवढा उल्लेख फार पुढे येतो. आणि तिच्या दाईचा मृत्यू मात्र थांबून सांगितलाय, जागेच्या नावासकट. का?"

मी म्हटलं, "हा आपल्या यादीतला प्रश्न नाही."

शेवटी ठरलं की ओळ ऐकवून बघायची. ही आमची जुनी पद्धत. अडलेला मजकूर, ज्याला तो माहीत नाही अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, मग त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं आणि पिवळ्या कार्डावर उतरवायचं. नियम तीनच. समजावून सांगायचं नाही. तो बोलेल ते सगळं, एक शब्द न गाळता लिहायचं. आणि ऐकणारा नात्यातला नसावा. घरच्या माणसाला आपला अर्धा शब्द पुरतो, मग मसुदा चांगला की नातं चांगलं ते कळत नाही. हा तिसरा नियम कात्रीसाहेबांचा. त्यांनी सख्ख्या मेहुण्याची सात कार्डं एका दिवसात रद्द केली होती.

६ सप्टेंबर

अर्ज आला. चार पानी. टेबलाच्या खणात ठेवला.

९ सप्टेंबर

बाकूथ, दिवसभर. ही सफाईला आली आणि दारातच उभी राहिली. "अहो, तुमच्या खोलीचं दार चांगलं रुंद आहे नाही? खुर्चीसकट माणूस आत येईल." मी म्हटलं, बाबांच्या आजारपणात रुंद करून घेतलं होतं, न्हाणीघरही तेव्हाच जोडून काढलं. "हो ना," ही म्हणाली आणि जरा वेळ थांबून गेली. हिला हल्ली घराच्या बांधकामात फार रस वाटायला लागलाय.

खोली चांगलीच आहे. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. ही खोली नसती तर चाळीस नावं झालीच नसती.

११ सप्टेंबर

ऐकणारा मिळेना. दूधवाला ऐकून म्हणाला, छान आहे, आणि सायकलवर बसला. शेजारच्या निवृत्त कारकुनाला अध्याय पाठ आहे. शेवटी लक्षात आलं की जिजी आहे की. ती कधी प्रार्थनेला बसली नाही. आम्ही बसायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची.

तिच्या खाटेशी स्टूल घेतलं. आधी नियम सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे मी तोंड उघडलं की तू लिहिणार? मग जपून बोलायला हवं." ओळ वाचली. पुन्हा वाचली. ती डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. मग बोलायला लागली.

कार्ड इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

"एक म्हातारी होती. लोकांच्या घरात राहायची. ती मेली. तिला झाडाखाली पुरलं. सगळे रडले, मग त्या झाडाला तेच नाव पडलं. म्हातारीचं नाव तू सांगितलंस, पण ते मी विसरले. कोण रडलं ते तू वाचलं नाहीस. गाळलंस का? तसं लिहिलंच नाही? बरं. ज्याच्या आईची दाई होती, तो तिथे होता ना? मग तोच रडला असेल. आईची दाई म्हणजे त्यालाही तिनेच खेळवला असणार. ती कुठली होती? मालकिणीच्या माहेराहून आली? ते मालकिणीचं माहेर झालं रे. तिचं गाव कुठलं? तेही नाही लिहिलं. पुरलं कुठे ते लिहिलंय आणि आली कुठून ते नाही. झालं माझं. तुझा घसा बसलाय थोरल्या, गरम पाणी पी. लहानपणीही असाच मोठ्याने वाचायचास आणि दोन दिवस बोलायची पंचाईत. हेही लिहितोयस? वेडा आहेस."

१२ सप्टेंबर

कार्डाचा मागचा भाग भरला. ऐकणारीने गाळलं: दाईचं नाव, बेथेल. पदरचं घातलं: 'लोकांच्या घरात', 'सगळे रडले'. शेरा: आकलन समाधानकारक, पण ऐकणारी विषय सोडून बोलते. 'अनुवादकाशी नातं' या रकान्यात 'नाही' लिहिलं.

दिवसभर तो एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. कोण रडलं? मी चार कोश आणि दोन टीकाग्रंथ पाहिले. कुणीच सांगत नाही. गुरुजन मंडळी झाडाच्या जातीवर पानंच्या पानं लिहितात.

१५ सप्टेंबर

धाकट्याचा फोन. अर्ज गेला का? मी म्हटलं, यादीच्या गडबडीत आहे. तो म्हणाला, "दादा, तू टाळतोयस." आता टाळण्यासारखं काय आहे यात. रागाने खणातून अर्ज काढला आणि भरायला बसलो.

पहिल्याच ओळीत अडलो. संपूर्ण नाव. हिला हाक मारली, जिजीचं खरं नाव काय गं? ही माझ्याकडे बघतच राहिली. मग नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी लिहून घेतलं. अठ्ठावन्न वर्षं घरात वावरलेलं माणूस, आणि मला हे नाव नवीन होतं. नाव चांगलं आहे.

वय अंदाजाने ब्याऐंशी. मूळ गाव? हिला विचारलं. "ते मलाही नाही सांगितलं कधी. तुम्ही विचारा, अर्ज तुम्ही भरताय."

अर्जदाराशी नातं. 'पूर्वी घरात कामाला होत्या' असं लिहिलं. रकाना लहान आहे, त्यात याहून जास्त मावत नाही.

हे लिहिताना एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका झाडाचा पत्ता मी तीन महिने शोधतोय आणि स्वयंपाकघरामागच्या माणसाचं गाव मला ठाऊक नाही. पण याला इलाज नाही, प्रत्येकाचा अभ्यासाचा विषय ठरलेला असतो.

१६ सप्टेंबर

जिजीला अर्जाचं सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान गप्प बसेल. ती म्हणाली, "धाकल्याने शोधलंय ना? मग चांगलंच असेल. त्याला लहानपणापासून वस्तू नीट पारखून घ्यायची सवय. कुठे सही करू?"

मी शाईची गादी घेऊन गेलो होतो. तिने पेन मागितलं आणि गोल, ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलं. मी विचारलं, तू लिहायला कधी शिकलीस? "तुला अक्षरं गिरवायला बसवायचे तेव्हा. तू उठून पळू नयेस म्हणून मला शेजारी बसवायचे. तू शिकलास, मीही शिकले. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे." ते खरंच बरं आहे.

मग गाव विचारलं. ती जरा हसली. "आता विचारतोयस होय?" पण सांगितलं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. मी विचारलं तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं, वहीत उतरवण्यासाठी नव्हे असं मला वाटलं. सात घरं, एक विहीर आणि पाऊलवाट. आता तिथे कुणी राहत नाही म्हणे.

सवयीने विचारून गेलो, त्या नावाचा अर्थ काय?

"अर्थ कशाला हवा? तिथे आमचं घर होतं, हाच अर्थ. तुला सगळ्याचा अर्थ लागतो. शाळेतही मार खाल्लास तो अर्थ विचारूनच."

मूळ गावाचा रकाना भरला. अर्ज पूर्ण झाला. पाकिटात घालून तिकीट लावलं. परवा बैठकीहून येताना टाकेन. एक काम तरी हातावेगळं झालं. पण जेवण गेलं नाही. घसा दुखतोय.

१८ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं.

बैठकीत मी पिवळं कार्ड ठेवलं. कात्रीसाहेब कार्डं मोठ्याने वाचतात, एका सुरात, बातम्या वाचल्यासारखी. 'एक म्हातारी होती, लोकांच्या घरात राहायची' इथून सुरुवात झाली. पंडिता पेन्सिल घेऊन टिपत होती. 'ते मालकिणीचं माहेर झालं रे, तिचं गाव कुठलं' इथे तिची पेन्सिल थांबली. कात्रीसाहेब पुढे वाचत गेले. थोरल्या, गरम पाणी पी. लहानपणीही असाच मोठ्याने वाचायचास. वेडा आहेस.

त्यांनी कार्ड उलटं केलं, मागचे रकाने पाहिले आणि माझ्यासमोर सरकवलं.

"गुरुजी, कार्ड रद्द करा. नियम तीन."

मी म्हटलं, "नातं नाही साहेब. मागे लिहिलंय ना."

"वाचलं."

"आमच्याकडे कामाला होती. लहानपणी आम्हाला सांभाळायला आली होती."

"किती वर्षं झाली?"

"अठ्ठावन्न."

कात्रीसाहेब चष्मा काढून पुसत बसले. खाली यंत्र चालू होतं, पेन्सिली टेबलावरून कडेला चालल्या होत्या आणि कुणीच त्या धरल्या नाहीत. मग ते म्हणाले, "गुरुजी, ती बाई तुमचा घसा ऐकत होती, ओळ नव्हे. अशी माणसं आम्हाला चालत नाहीत. माझ्या मेहुण्यालाही माझ्या घशाची एवढी काळजी नव्हती, तरी मी त्याला काढला. रद्द करा आणि मागे कारण लिहा. कारणाशिवाय रद्द केलेलं कार्ड दप्तरी लागत नाही."

पंडिता हळूच म्हणाली, "मी मघापासून दबोराचाच विचार करतेय. तीही अशीच आली होती. लग्न होऊन निघालेल्या मुलीबरोबर पाठवलेली दाई, तिथे तर तिचं नावसुद्धा नाही. नाव येतं ते थेट मरते तेव्हा."

मी कार्ड पिशवीत ठेवलं. त्यावर कारण लिहायला हात होईना. मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नाही.

साडेतीनला टपालपेटीशी पोचलो. पाकीट काढलं, तिकीट नीट चिकटलेलं नाही असं वाटलं, परत आणलं.

१९ सप्टेंबर

तिकीट पाहिलं. पक्कं चिकटलंय.

२१ सप्टेंबर

सकाळी टेबलाशी बसलो. ऊन आलं होतं. समोर कार्ड, बाजूला पाकीट. कोश उघडला नाही. मान वर करून खोली पाहिली. रुंद दार. जोडून न्हाणीघर. पायरी एकही नाही.

हिला हाक मारली. म्हटलं, "हे टेबल जेवणाच्या खोलीत बसेल का?"

ही पदराला हात पुसत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "खिडकीखाली बसतं. मी सतरा दिवसांपूर्वीच मोजून ठेवलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतच होते की. तुम्ही खरं आहे, खरं आहे म्हणत कोश उघडत होता."

मला लाज वाटली. हे वेगळ्या शब्दांत लिहिता आलं असतं, पण कात्रीसाहेबांनी बाकीचे शब्द कापलेच असते. एकसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यभर मुलांना 'लक्ष द्या' म्हणत आलो.

दिवसभर सामान हललं. पुस्तकं जेवणाच्या खोलीत आली, खाट इकडे आली. उठबस करायला दिवसाची एक बाईही ठरली. ती हिने कधीच बघून ठेवली होती. दुपारी खुर्चीत बसवून जिजीला आत आणलं. तिने चौफेर नजर फिरवली. "ही तर बाबांची खोली. मग तू कुठे वाचणार?" मी म्हटलं, बाहेर. "तिथे ऊन नाही येत." मी म्हटलं, दिवा आहे. ती म्हणाली, "डोळ्यांची काळजी घे," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बराच वेळ झोपली नव्हती, पाठीवरून कळत होतं.

संध्याकाळी धाकट्याला फोन केला. अर्ज पाठवणार नाही म्हणून सांगितलं. वाटलं होतं भांडेल. विचारलं, तिची सोय कशी? मी सांगितली. मग तो म्हणाला, "सही करताना ती काय म्हणाली?" मी सांगितलं, धाकल्याने शोधलंय म्हणजे चांगलंच असेल असं म्हणाली. त्यानंतर बराच वेळ पलीकडून काही ऐकू आलं नाही. लाइन खराब असावी. शेवटी "रविवारी येतो" एवढं ऐकू आलं, तेही घोगरं. त्यालाही घशाचा त्रास दिसतोय.

२४ सप्टेंबर

एक्केचाळिसावं नाव झालं. ओळीत अल्लोन-बाकूथ तसंच ठेवलं, आणि लगेच पुढे 'म्हणजे रडण्याचं झाड'. उच्चार ठेवावा हा आग्रह अखेर माझाच निघाला. तिथे कुणाचं तरी काहीतरी होतं, तेव्हा ते नाव पुसायचा आपल्याला हक्क नाही, असं मी म्हटलं. कात्रीसाहेबांनी 'रुदनवृक्ष' स्वतःच्या हाताने कापलं. नवं कार्ड छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचं, नियमाप्रमाणे. त्याला ओळ कळली, त्याने कुणाला गरम पाणी प्यायला सांगितलं नाही.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर राहिलेलं काम केलं. पिवळ्या कार्डामागचं 'नाही' खोडलं आणि खाली कारण लिहिलं: 'रद्द. ऐकणारी अनुवादकाच्या घरची आहे.' मग पाकीट फोडून अर्ज काढला. आश्रमाला कळवायला हवं, नाहीतर ते धाकट्याच्या शब्दावर जागा अडवून ठेवतील. वर दुसरं काय लिहावं सुचेना, म्हणून आडवी रेघ मारून तेच वाक्य लिहिलं, फक्त ऐकणारी आणि अनुवादक हे शब्द काढून. 'रद्द. ती घरची आहे.'

आतून जिजीने विचारलं, "थोरल्या, ठरलं का रे तुमचं? कोण रडलं ते?"

म्हटलं, "नाही गं. मुळातच नाही. आम्ही ते तसंच सोडलं."

"बरं केलंत," ती म्हणाली. "आणि हे बघ, धाकला येईल तेव्हा त्याला एकट्याला आत पाठव. तू दार ओढून घे आणि तिकडे बसून वाच काहीतरी. मोठ्याने."